राखणीची बदली

१

गुरुवार म्हणजे निशिगंधाचा थाटाचा दिवस. चाकणच्या कंपनीला त्या दिवशी सुट्टी, म्हणजे पहाटे कंपनीच्या बसमागे धावायचं नाही, डबा भरायचा नाही, की क्वालिटीच्या टेबलाशी उभं राहून ब्रेकच्या पिस्टनवरचे ओरखडे शोधत डोळे फोडायचे नाहीत. चहाचा मोठा कप घ्यायचा, चऱ्होलीतल्या आपल्या आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत पाय पसरून बसायचं आणि ऋतू फिरल्याची खूण शोधायची.

खूण शोधणं हा त्यांच्या घरचा जुना खेळ. पाऊस सरत आला, की पहिली खूण ज्याला सापडेल तो जिंकला, आणि हरणाऱ्यानं बासुंदी आटवायची. पुस्तकात ज्याला शरद म्हणतात त्याला तिचे आप्पा नुसतं 'फिरला' म्हणायचे. "फिरला गं, निशे!" एवढं त्यांनी म्हटलं, की समजायचं: कुठंतरी गवतावर दव दिसलंय, नाहीतर परीट पक्षी शेपटी उडवत कुणाच्या तरी भिंतीवर येऊन बसलाय, नाहीतर कासाला पांढरे तुरे आलेत. पारनेरकडचं गाव सुटलं, आप्पा चाकणला मशीनवर लागले, भाड्याच्या खोल्या बदलत बदलत हा फ्लॅट झाला, पण खेळ काही सुटला नाही.

आई असेपर्यंत बहुतेक वेळा तीच जिंकायची. ती माघात गेली आणि आप्पा बंद पडले. त्याला दुसरा शब्द नाही. आप्पा, म्हणजे जयसिंग, अख्खी हयात तीन शिफ्टमध्ये काढलेला माणूस. रविवार असो की सण, हात स्वस्थ बसायचे नाहीत. तो माणूस आता आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसून राही आणि ताटात अर्धी भाकरी ठेवून उठे. निशिगंधानं डॉक्टर केले, देव केले. शेवटी तिनं मनाशी एक वेडी खूणगाठ बांधली होती, की एकदा आप्पांच्या तोंडून 'फिरला' आलं, की आप्पा परत आलेच.

पण खूण सापडायची कुठे? गणपती गेले तरी पावसाची पिरपिर हटत नव्हती. चहूकडे इमारती आणि अर्ध्या इमारती. समोर निळ्या पत्र्यांनी वेढलेली एक मोकळी जागा तेवढी उरली होती. कुणा बिल्डरनं पत्रे ठोकले, पाटी लावली, पाटीचा रंग उडाला, इमारत काही उगवली नाही.

त्या गुरुवारी तिनं कप तोंडाला लावला आणि पत्र्यांआडून आवाज आला.

"हाऽऽऽ… हुऱ्याऽऽऽ!"

पाठोपाठ गोफणीचा फटकारा. पाखरांचा थवाच्या थवा पत्र्यांवरून उठला, एक वळसा घेऊन पुन्हा आत उतरला.

चहा तिच्या गाऊनवर सांडला, तिला भानही नव्हतं. राखण! बाजरी भरल्याशिवाय राखण बसत नाही, आणि बाजरी भरली म्हणजे ऋतू फिरलाच. लहानपणी आजोळी शेतातल्या माळ्यावर, चार खांबांवरच्या फळ्यांवर, उभं राहून पाखरं हाकताना तिनं हाच आवाज घसा बसेपर्यंत काढला होता. दव नाही, परीट नाही, तिला थेट राखणच सापडली होती! पैज मारली म्हणजे अशी मारावी.

"आप्पा! आप्पा, लवकर या बाहेर!"

२

आप्पा आले ते पाय ओढत. कठड्याला हात टेकून त्यांनी खाली पाहिलं. आकाश कळकट होतं, भुरभुर चालू होती, आणि पत्र्यांआड नुसतं गवत दिसत होतं.

"हाऽऽऽ… हुऱ्याऽऽऽ!"

आप्पांची मान ताठ झाली. निशिगंधा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या महिन्यांत त्या चेहऱ्यावर कुणी दिवा लावला नव्हता, तो आता लागला.

"बाजरीची राखण," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "अगं, फिरला की गं, निशे!"

ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत नाचली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही. "मी जिंकले! बासुंदी तुमच्याकडे लागली!"

"लागली, लागली. पण हितं बाजरी कुणी पेरली?" आप्पा हसत म्हणाले, आणि दोघंही कठड्यावरून वाकून बघायला लागले.

तेवढ्यात खालून निराळी हाक आली. पाखरांना हाकारायची नव्हती ती. लांबवलेली, दमलेली, माणसासाठी घातलेली.

"कोण हाय का रंऽऽऽ?"

निशिगंधाच्या ओठांवर उत्तर तयारच होतं. आजोळी रोज हेच चालायचं. माळ्यावरचा माणूस दमला की ही हाक घालायचा आणि बदलीचा माणूस बांधावरून ओरडून सांगायचा, की तू उतर. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पोटातून आवाज काढला.

"आऽऽलेऽऽऽ!"

समोरच्या इमारतींना आपटून तो परत आला. खालचा आवाज थांबला. गोफण थांबली. इतकं एकदम थांबलं सगळं, की रस्त्यावरच्या टेम्पोचं इंजिन ऐकू यायला लागलं.

आप्पांचा हात तिच्या दंडावर होता. कधी धरला होता कोण जाणे, पण घट्ट धरला होता.

"ओ कशाला दिलीस?"

"गंमत म्हणून! काय झालं?"

"काही न्हाई," आप्पा म्हणाले. "आपल्यात आले म्हटलं, की जावं लागतं. म्हणून आपलं म्हटलं."

दुपारी ते दोन भाकरी जेवले. निशिगंधाला वाटलं, गड जिंकला.

३

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दार उघडून दुधाची पिशवी घ्यायला गेली. पिशवी कडीला अडकवलेली होती, रोजच्यासारखी. तिच्या शेजारी गोफण अडकवलेली होती.

अंबाडीच्या दोरीची, हातानं वळलेली, मधला झोळ वापरून काळा पडलेला. दोरीवर दवाचे बारीक मणी होते. तिनं बोट फिरवलं तसे ते विरघळले.

आता, निशिगंधा काही घाबरून किंचाळणाऱ्यांतली नव्हती. कंपनीत एखादा पिस्टन खराब निघाला, की कारण सापडेपर्यंत का, का, का विचारत सुटायचं, हे तिचं काम होतं. तिनं तिथंच दारात उभं राहून कारण शोधलं. काल आपण ओरडलो ते कुणीतरी ऐकलं. ऐकणाऱ्याला गंमत वाटली. त्यानं गोफण आणून लावली. आणि दव? रात्रभर पाऊस होता, तो पावसाचा शिंतोडा. बंद जिन्यात आठव्या मजल्यावर पावसाचा शिंतोडा कसा आला, हा प्रश्न तिनं कंपनीची बस चुकेल म्हणून बाजूला ठेवला.

गंमत करणारा कोण असेल, याबद्दल तिला शंकाच नव्हती. शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणारा गणराज. अहमदपूरचा पोरगा, चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत, स्वभावानं लोण्याचा. कुणाचा सिलिंडर वर न्यायचा असो की आप्पांचा बीपी तपासून आणायचा असो, हा हजर. त्याच्या कानात मात्र कायम इअरफोन. गाणी तरी चालू, नाहीतर गावाकडची आई तरी चालू. सकाळी शिफ्टला निघायच्या आधी आईचा फोन यायचाच, आणि त्याचं "हो गं आई, जेवायलो गं आई" भिंतीतून ऐकू यायचं.

तो लिफ्टपाशीच भेटला. तिनं बोट नाचवलं. "काय रे, गोफण कुठून पैदा केलीस?"

गणराजनं एका कानातलं काढलं. "काय म्हणालाव ताई?"

"राखणीचा आवाज आला ना काल? समोरून?"

"मला काहीच ऐकू आलं नाही बगा." त्यानं दोन्ही कानांकडे बोट दाखवून दात काढले. "पण आमच्याकडं आता पाखरं राखायचेच दिवस हायेत. सकाळी निस्ता कालवा असतोय. लई आठवण येते हो ताई."

तो खोटं बोलत नव्हता. एवढं माणूस ओळखायला क्वालिटीत असावं लागत नाही.

४

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर ती थेट पत्र्यांपाशी गेली. गेटजवळ गोजाबाई भाजी घेऊन बसायच्या. मूळच्या चऱ्होलीच्याच, समोर जिथं इमारती उभ्या आहेत तिथं त्यांच्या घरची वांगी पिकायची, हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मेथीच्या जुडीबरोबर फुकट सांगायच्या.

"मावशी, या पत्र्यांआड कुणी बाजरी केलीय का हो?"

"बाजरी?" गोजाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं बाय, आत ढोर सुदीक जात न्हाई. निस्तं पाणी साचलंय आन गवात. आमी रोज हितं बसतो, कोण जाताना न्हाई बगितलं का येताना न्हाई."

"आवाज येतो सकाळी."

"आवाज कशाचाबी येतोय आता," म्हणत त्यांनी मेथी तिच्या पिशवीत टाकली.

दोन पत्र्यांमध्ये माणूस तिरका होऊन शिरेल एवढी फट होती. निशिगंधानं डोळा लावला. पलीकडे कंबरभर गवत, फाटके सिमेंटचे कट्टे, पायासाठी खणलेला एक खड्डा आणि त्यात गढूळ पाणी. तिच्या डोक्यावर आभाळ भरून आलं होतं. आत मात्र गवताच्या शेंड्यांवर पिवळं ऊन पडलं होतं, तिरपं, कोवळं, आश्विनातलं. काय सुंदर दिसत होतं! भीती वाटायच्या आधी तिच्या छातीत आनंदच उसळला, आणि पुढे जेव्हा जेव्हा तिला हा क्षण आठवला, तेव्हा त्या आनंदाचीच तिला जास्त भीती वाटली.

घरी आप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते. टीव्ही बंद. ते गोफणीची सुटलेली दोरी वळत होते, आणि बोटं इतकी झरझर चालत होती, की पाहणाऱ्यानं पाहत राहावं.

"आप्पा, टाकून द्या ते. पोरांनी थट्टा केलीय कुणीतरी."

"थट्टा न्हाई, चार्ज हाय, बदलीला येणाऱ्याच्या हातात देत्यात तो." आप्पांनी मान वर केली नाही. "निशे, मशीनवर बदलीचा माणूस आला न्हाई की काय होतं, तुला ठाव हाय. मी उभा राहिलोय असा डबल-डबल शिफ्ट. पायाचं लाकूड होतं. मुतायला जाता येत न्हाई. तरी मशीन सोडत न्हाई आपण. तसा कोणतरी तिथं कवापासनं उभा हाय. त्यानं इचारलं, तू आले म्हणालीस. त्याचा जीव भांड्यात पडला असंल का न्हाई?"

"अहो, कोण उभा आहे? कुठं? मी आत्ता बघून आले. गवत आहे नुसतं!"

"मग तुला कशाला भ्या वाटतं?"

 आप्पांनी गोफण खांद्यावर टाकून पाहिली, आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघून मिस्कील हसले. आई असताना ते असे हसायचे.

"ओ तू दिलीस," ते म्हणाले. "पण तुला मी जाऊ देत नसतो. बापानं गेलेलं चालतं."

"कुणी कुठं जायचं नाही," निशिगंधा म्हणाली. रात्री तिनं दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली उशीखाली ठेवली.

५

सकाळी किल्ली उशीखालीच होती, दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं, आणि घरात आप्पा नव्हते.

ती बाल्कनीत धावली. पाऊस पडत होता. खाली पत्र्यांच्या फटीपाशी एक माणूस तिरका होऊन आत शिरत होता, खांद्यावर गोफण, पायात तपकिरी चपला. आप्पाच, पण गुडघेदुखीनं लंगडणारे रोजचे आप्पा नव्हते ते. पहिल्यांदा नोकरीवर जाणारा तरणाताठा माणूस जसा जातो तसे ते चालले होते. तिनं हाक मारेपर्यंत फट मोकळी झाली.

मग जे व्हायचं ते झालं. गणराजनं शिफ्ट बुडवली, इअरफोन खिशात घातले आणि सगळ्यांच्या आधी फटीतून आत गेला. छातीइतक्या पाण्यात उतरून त्यानं तो खड्डा पायांनी चाचपला. चौकीतली माणसं आली, गवत तुडवून गेली, तक्रार लिहून घेतली. सोसायटीच्या कॅमेऱ्यात कुणी गेटबाहेर गेलेलंच नव्हतं. पुण्यातले नातेवाईक फोनवर म्हणाले, की या वयात, या दुःखात, असं होतं. निशिगंधानं सगळ्यांना होकार दिला. तिलाही ते पटत होतं. कारण असं हवंच होतं तिला.

"सापडतील ताई," गणराज म्हणाला. तो नखशिखांत चिखलानं भरला होता. "माझी आई पण म्हणाली, देव हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडलं, तेव्हा पत्र्यांआडून आवाज आला.

"हाऽऽऽ… हुऱ्याऽऽऽ!"

पाखरं उठली, वळली, उतरली. निशिगंधा कठडा धरून उभी होती. गेल्या गुरुवारचा आवाज नव्हता हा. हा आवाज तिनं जन्मल्यापासून ऐकला होता. आणि काय खुशीत होता तो! मशीन सुरू झाल्यावर आप्पा शीळ घालायचे म्हणे, तसा खुशीत.

६

तिनं भाकऱ्या थापल्या. आधी रडून घेतलं, मग थापल्या. ठेचा, कांदा, वर शेंगदाण्याची चटणी, सगळं आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं, आणि कुणी बघायच्या आत ती फटीतून तिरकी होऊन आत गेली.

आत गार होतं. पाऊस बाहेर राहिला. पत्र्यांवर त्याचा ताशा ऐकू येत होता, पण थेंब अंगावर येत नव्हता. वर आभाळ होतं ते काळंच होतं. ऊन कुठून येत होतं ते तिला कळेना. पायांखालचं गवत दवानं ओलं होतं. जागोजागी कासाचे पांढरे तुरे होते, कोळ्यांनी जाळी विणली होती, चतुर भिरभिरत होते. लहानपणापासून तिनं एकेक करून शोधलेल्या सगळ्या खुणा कुणीतरी एका जागी आणून ठेवल्या होत्या. बाजरी नव्हती. बाजरीचा वास मात्र होता, भरलेल्या कणसाचा, धुळकट, गोड.

खड्ड्याच्या अलीकडे गवत दबलेलं होतं. तिथं आप्पांच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. देवळात जाताना ठेवतो तशा.

आणि गवतावर सावली पडली होती.

चार खांब. खांबांवर फळ्या. फळ्यांवर उभा माणूस. सावली लांब, स्पष्ट, काठ धारदार. निशिगंधानं वर पाहिलं. वर काही नव्हतं. खांब नव्हते, फळ्या नव्हत्या, फक्त ढग. तिनं खाली पाहिलं. सावलीनं उजवा हात वर नेला आणि डोक्याभोवती गरागरा फिरवला. फट्! गवतातून पाखरं उठली, अगदी तिच्या तोंडावरून गेली, पंखांचा वारा गालांना लागला.

"आलीस का?" वरून आप्पांचा आवाज आला. "बोलू नको! एक अक्षर काढू नको, निशे. तू ओ दिलीस की मी उतरलो, आणि मग तू वर. कळलं? मान हलीव नुसती."

तिनं मान हलवली. दोन्ही हात तिनं तोंडावर दाबून धरले होते.

"बाजरी बघ कशी आलीय! दिसत न्हाई का तुला? अगं, असं पीक मी जन्मात बघितलं न्हाई. संपतच न्हाई!" आवाज हसला. मग खालच्या पट्टीत म्हणाला, "संपतच न्हाई गं."

तिनं गाठोडं चपलांशेजारी ठेवलं. सावली वाकली. फळ्यांच्या कडेवरून तिचं डोकं पुढे आलं, गवतावर लांबलं आणि निशिगंधाच्या पायांपर्यंत येऊन थांबलं. ती पळाली. पत्र्यानं तिचा दंड कापला ते तिला घरी आल्यावर दिसलं.

पुढच्या पहाटे दुधाच्या पिशवीशेजारी आईचं फडकं होतं. धुतलेलं, घडी घातलेलं, दवानं ओलं.

७

माणूस कशालाही सरावतो. निशिगंधा शिफ्टला जायची, पिस्टन तपासायची, परत यायची, भाकरी बांधून फटीतून आत ठेवायची. रोज पहाटे कडीला फडकं. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर लोकांनी तिलाही वेड्यात काढलं असतं.

पण आप्पांचा आवाज उतरत चालला. आधी खुशीत असणारा 'हुऱ्या' बसका झाला, मग चिरका, मग नुसता फाटका श्वास. 'कोण हाय का रं' त्यांनी एकदाही विचारलं नाही. गुडघे दुखत असतील, पाय लाकूड झाले असतील, तरी लेकीच्या कानावर ती हाक पडू नये म्हणून म्हातारा ओठ मिटून उभा होता. दोनदा निशिगंधा कठड्याशी गेली, हात तोंडाशी नेले, छाती भरून घेतली. दोन्ही वेळा तो श्वास तसाच बाहेर आला. आपण भित्र्या आहोत, हे तिला त्या दोन श्वासांनी सांगितलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी फडक्यात भाकरी तशीच परत आली. ती न खाल्लेली भाकरी हातात घेऊन ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

गोजाबाई गेटपाशी घटाची माती पुड्या बांधून विकत होत्या. गुरुवारच होता. पाऊस गेला होता, सगळ्या चऱ्होलीवर पिवळं ऊन पडलं होतं, आणि समोरच्या भिंतीवर पहिला परीट येऊन शेपटी उडवत होता. शेजारच्या बाल्कनीत गणराज कपडे वाळत घालत होता. कानात इअरफोन. सुट्टी घेऊन दसऱ्याला गावी निघायचं म्हणून स्वारी खुशीत होती.

पत्र्यांआडून आवाज आला. आवाज कसला, खरखर. आणि त्यानंतर, पहिल्यांदाच, विचारायचं नव्हतं तरी तोंडातून निसटल्यासारखं:

"कोण… हाय का… रंऽऽ?"

निशिगंधाला तेव्हा नेमकं काय झालं, हे तिनं पुढे स्वतःलाही कधी विचारलं नाही. एवढं खरं, की ती हसली. मनापासून, डोळे चमकवून, पैज लावताना हसायची तशी.

"गणराज! अरे, कानातलं काढ जरा. एक गंमत ऐकवते."

"काय हो ताई?" त्यानं दोन्ही कानांतलं काढलं.

"ऐक. पत्र्यांआडून. ऐकू येतंय?"

तो कठड्याला रेलला. हाक पुन्हा आली. पोराचा चेहरा हळूहळू उजळत गेला. निशिगंधानं तो दिवा ओळखला.

"राखण हाय की! ताई, राखण हाय ही! इथं?" तो लहान पोरासारखा खदखदला. "कुणीतरी बदली मागायलंय बगा!"

"तुमच्याकडे काय ओ देतात रे?"

एवढंच म्हणाली ती. गणराजनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"आऽऽलोऽऽऽ!"

सगळं थांबलं. समोरच्या भिंतीवरचा परीट उडून गेला.

दुसऱ्या पहाटे तिनं दार किलकिलं करून पाहिलं. तिच्या कडीला नुसतं दूध होतं. शेजारच्या कडीला गोफण होती. तिनं दार लावून घेतलं आणि घटाची तयारी करायला बसली. माती पसरली, धान्य पेरलं, घटाला माळ घातली. भिंतीपलीकडे दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग जिन्यात चटचट पावलं, तरणीताठी, उतरत गेलेली.

ऊन बाल्कनीत आलं तेव्हा बेल वाजली.

दारात आप्पा होते. रापलेले, वाळलेले, ओठ फुटलेले, कपड्यांना कणसांची धूळ. तिनं त्यांना घट्ट मिठी मारली. जिवंत होते. घरी होते. तिनं त्यांना हाताला धरून आत घेतलं.

"मला वाटलं, तूच ओ दिलीस," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काळजात धस्स झालं. मग ऐकलं तर गड्याचा आवाज. तोंड बघितलं न्हाई, खाली मान घालून आलो. पण जवान हाय. दम हाय. कोण गं बदलीला आलं?"

"आला कुणीतरी," निशिगंधा म्हणाली. "तुम्ही हातपाय धुवा."

आप्पांनी हातपाय धुतले, घटाला हात जोडले, आणि मग स्वयंपाकघरात येऊन कढईत दूध ओतलं. तिनं नको नको म्हटलं तरी ऐकेनात. पैज हरलो होतो ना, म्हणाले, बासुंदी माझ्याकडं लागली. उलथनं हातात घेऊन ते शेगडीपाशी उभे राहिले. बाहेरून, लांबून, नवा आवाज येत होता, मोकळा, मराठवाड्याच्या हेलाचा.

भिंतीपलीकडे फोन वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. निशिगंधाला त्याची वेळ ठाऊक होती.

"कुणाचा फोन हाय गं?" आप्पांनी विचारलं. "कवाचा वाजतोय. उचला की कुणीतरी. कुणाचं तरी माणूस ओ मिळायची वाट बघत असंल."

"दूध उतू जाईल, आप्पा," ती म्हणाली, आणि उलथनं त्यांच्या हातातून घेऊन दूध ढवळत राहिली.